एका कानाची टोपी

क्रोशाच्या सुईच्या टोकाचा आकडा, नखाच्या कोपऱ्यात मावेल एवढासा, फासातून आत गेला, लोकर घेऊन बाहेर आला, पण सगळी नाही. तीन पदरांतला एक मागेच राहिला आणि खांबाच्या कडेला बारीकसा मोकळा लोंबू लागला, कानामागे कात्रीतून सुटलेला एखादा केस राहतो ना, अगदी तसा… आणि असा केस चाळीस वर्षांत त्याने कधी राहू दिला नव्हता, गिऱ्हाईक दारापर्यंत गेलेलं असलं तरी परत बोलावून घ्यायचा – म्हणून त्याने सुई काढली, एक खांब, म्हणजे एक उभा टाका, उसवला, मनगट मांडीवरच्या उशीवर टेकवलं आणि श्वास सोडून पुन्हा आकडा घातला. या वेळी तिन्ही पदर आले.

मनगट टेकलेलं असलं की हात गप्प राहतो. लोकर तर्जनीवरून ताणून धरली की आणखी गप्प राहतो. पण दोन्हींतलं काही सुटलं – चहाचा कप उचलायला, चष्मा सारखा करायला, नुसतं दाराकडे बोट दाखवायला – की अंगठ्यापासून ती थरथर सुरू होते, बारीक, न थांबणारी, आणि मग तो हात शहाण्यासारखा लोकरीच्या गुंड्याखाली सारतो, जसं काही तिथे गुंडा सांभाळायचंच काम आहे. बायकोला हे दिसतं. तिला सगळंच दिसतं. फक्त काही गोष्टी दिसल्या असं ती दाखवत नाही, आणि छत्तीस वर्षांच्या संसारात तिच्याकडून जे जे मिळालं त्यात हे त्याला फार मोलाचं वाटतं. पण असं बोलून दाखवायची सोय नाही. लगेच विचारेल, काय हवंय?

सुई तिनेच दिली. दवाखान्यातल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी एक रबरी चेंडू दिला होता, दिवसातून शंभर वेळा दाबायला. तो खिडकीशी बसून दाबायचा आणि रस्त्याकडे बघायचा. तीन दिवस हे बघून बायको म्हणाली, एवढ्या वेळात निदान काहीतरी तयार होईल असं करा, आणि तिच्या लोकरीच्या पिशवीतली सगळ्यांत जाड सुई त्याच्या हातात ठेवली. आधी नुसती साखळी. हातभर साखळी, उसवली. दोन हात साखळी, उसवली. मग मुका खांब – सुईवर वेढा न घेता घातलेला आखूड, घट्ट टाका – आणि मग साधा, उंच खांब. पंधरवड्यात हात बसला. टोपी करतो म्हणाल्यावर ती हसत सुटली. म्हणाली, जन्मभर लोकांच्या डोक्यावरचं उतरवलंत, आता म्हातारपणी टोप्या घालायला निघालात?

कुणासाठी, ते मात्र तिने विचारलं नाही.

माप विचारलं. टेप आणून पुढ्यात ठेवली. तो म्हणाला, टेप कशाला, डोकं माझ्या हातात आहे. आणि दोन्ही तळहात हवेत धरून दाखवलं – इतकं रुंद, मागे इतकं फुगीर, वर जरासं चपटं, आणि इथे, उजव्या हाताच्या करंगळीखाली, हाडाचा एक उंचवटा – आणि त्या रिकाम्या हवेभोवती धरलेले ते हात दोन-तीन क्षण अजिबात हलले नाहीत. दोघांनीही ते पाहिलं. बायकोने टेप उचलून नेली.

ते डोकं ग्रंथपालांचं. तीस वर्षं, दर तीन आठवड्यांनी, शनिवारी दुकान उघडलं की खुर्चीत पहिलं डोकं ते. त्या डोक्यावर दोन भोवरे आहेत, एक सरळ आणि एक उलटा, आणि त्यांच्यामध्ये कात्री कशी चालवायची हे शिकायला त्याला पहिलं वर्ष गेलं होतं. दोन भोवरे असले की दोन लग्नं होतात म्हणतात. ग्रंथपालांचं एकही झालं नाही, आणि याबद्दल दोघांनी मिळून इतकी थट्टा केली होती की शेवटी नुसतं ‘भोवरे काय म्हणतात?’ एवढं विचारलं तरी पुरायचं. चार साखळ्यांचं कडं जोडून त्याने टोपी सुरू केली ती त्या दोन भोवऱ्यांच्या बरोबर मधल्या जागेवरून. पहिल्या फेरीत बारा खांब. मग चोवीस. मग छत्तीस… अठ्ठेचाळीस… साठ, आणि तिथे वाढ थांबवून सरळ खाली, फेरीवर फेरी, कपाळापर्यंत. बायकोने दोनदा मोजून पाहिलं. चूक सापडली नाही, याचं तिला थोडं वाईटच वाटलं असावं.

ग्रंथपाल दिवसभर बोलत नसत. धंदाच तसा. शांतता राखा असं लिहिलेल्या पाटीखाली आयुष्य गेलेलं, घरी कुणी नाही. पण शनिवारी खुर्चीत बसले, गळ्याशी कापड बांधलं, फवाऱ्याने केस ओले झाले, की नळ सोडल्यासारखे सुरू व्हायचे. बघा कारागीर, म्हणायचे, या आठवड्यात काय झालं… त्याला त्यांनी पहिल्या वर्षीच कारागीर हे नाव देऊन टाकलं होतं, आणि दुसऱ्या कुणी कधी तसं म्हटलं नाही, म्हणून ते नाव शनिवारचंच राहिलं. ते समोर आरशात बघून बोलायचे, हा आरशात बघून हसायचा, हं म्हणायचा, मध्येच एखादी कोपरखळी मारायचा. शेवटी छोटा आरसा मागे धरून मानेवरची रेघ दाखवली की ते न बघताच मान हलवायचे. इतका विश्वास.

उजवा कान. तो कान आता त्याला डोळे मिटले तरी दिसतो.

सात आठवड्यांपूर्वीचा शनिवार. ग्रंथपाल नव्या ढकलगाडीचं सांगत होते – पुस्तकं न्यायची जुनी गाडी इतकी कुरकुरायची की त्यांच्या हाताखालच्या बाई कुठल्या कपाटाशी आहेत ते बसल्या जागी कळायचं; नव्या गाडीला रबरी चाकं, आता बाई एकदम मागे येऊन उभ्या राहतात, आणि कारागीर, माझं काळीज खाली पडतं हो – असं म्हणून त्यांनी डोळे असे काही मोठे केले की याला हसू आवरेना. नुसता हसला. डोळे आरशात, हात कानाशी. यात नवीन काहीच नव्हतं, हाताकडे न बघता काम करायची त्याला सवयच होती, आणि हात थोडासा कापतो आहे हे गेलं वर्षभर तो स्वतःपासूनही लपवत होता… रक्त त्याला आधी आरशात दिसलं. कानाच्या पाळीवर लाल रेघ, मग थेंब, मग पांढऱ्या कापडावर थेंब. मग त्याने हाताकडे पाहिलं.

तुरटी लावली, कापूस धरला. ग्रंथपाल असू दे म्हणाले आणि गप्प झाले. राहिलेले केस त्याच्या मुलीने कापले, शेजारच्या खुर्चीवर चौदा वर्षं काम करते ती, आणि ती कापत असताना आरशात दोघांची नजर एकदाही एक झाली नाही. येतो, असं म्हणून गेले. येतो तर सगळेच म्हणतात. त्याच संध्याकाळी त्याने दुकानाची किल्ली मुलीच्या हातावर ठेवली. ती म्हणाली, बाबा, एवढंसं तर लागलं. बायको म्हणाली, एवढ्याशा कापण्याने कुणी रागावतं का? सगळे ‘एवढंसं’ म्हणत होते, आणि प्रत्येक ‘एवढंसं’गणिक त्याला वाटत होतं की आपलं कुणी ऐकतच नाहीये.

त्यानंतर दोन पाळ्या गेल्या. म्हणजे दोन शनिवार, ज्या दिवशी ते यायलाच हवे होते. दोन्ही दिवशी मुलगी रात्री घरी आल्यावर त्याने अगदी सहज, वर्तमानपत्रातून डोकं न काढता विचारलं, आज कोण कोण आलं होतं? तिने सगळी नावं घेतली. ते एक सोडून. केस काही रागावून वाढायचे थांबत नाहीत. म्हणजे ते कुठेतरी जात असणार – कोपऱ्यावरच्या त्या नव्या, चकाचक काचेच्या दुकानात, जिथे दोन्ही भोवरे मशीन फिरवून एकदम भुईसपाट करतात. मला दुसरं काही नको आहे. हात बरा व्हायला नको, दुकान परत नको. एवढंच कळू दे, की ते दुसरीकडे जायला लागले का. आणि लागले असतील तर… लागू देत, काय करणार. पण कळू दे.

दुपारी टोपी खालच्या कडेपर्यंत आली तेव्हा बायको दोरीवरचे कपडे काढून आत आली आणि घड्या घालता घालता म्हणाली, तुमचे पुस्तकवाले येताहेत आज चारला. काल औषधांच्या दुकानात भेटले होते, मीच बोलावलं.

“काल भेटले आणि आज सांगतेस?”

“काल सांगितलं असतं तर रात्रभर झोपला असतात का?”

त्याने पुढचं विचारलं – जमेल तितक्या कोरड्या आवाजात – की त्यांचे केस कसे होते. तिने घडी घालायची थांबून त्याच्याकडे पाहिलं. म्हणाली, वारं काय सुटलं होतं काल, डोक्याला मफलर गुंडाळला होता त्यांनी, मी काय भर रस्त्यात मफलर सोडून बघू? आणि मग, जरा वेळाने, वेगळ्या आवाजात, कपाटात कपडे ठेवता ठेवता म्हणाली, टोपी होईल ना पुरी चारपर्यंत?

म्हणजे कुणासाठी, हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

चारला अडीच तास होते. घाबरायला भरपूर. ते दारात आले की मफलर सोडतील आणि एका नजरेत सगळं कळेल. केसांच्या कडेवरून कुणाचा हात ते ओळखता येतं, मशीन की कात्री, घाईत की निवांत, किती दिवसांपूर्वी. माणूस खोटं बोलेल, केस नाही बोलणार. कदाचित ते तेवढ्यासाठीच येत असतील – भल्या माणसांची रीत असते ना, नीट भेटून, चहा घेऊन, प्रकृतीची चौकशी करून मग कायमचं जायचं… त्याने सुई उचलली. काम उरलं होतं ते कानावरच्या पट्टीचं. टोपी साधी, गोल, पण उजव्या बाजूला कानावर उतरणारी एक पट्टी हवी, म्हणजे वारं लागणार नाही. जखम बरी झाली असली तरी थंडीत तिथे ठणकतं, त्याला स्वतःच्या बोटांवरच्या जुन्या कापांवरून माहीत होतं. एकाच कानाला? बायकोने सकाळी विचारलं होतं. थंडी काय एका कानाला वाजते? तो म्हणाला, दुसऱ्या कानाला काही झालेलं नाही. यावर ती बराच वेळ स्वयंपाकघरात एकटीच हसत होती.

पट्टीची जागा ठरवायला त्याने टोपी डाव्या हाताच्या मुठीवर चढवली. प्रत्येक फेरी जिथे जोडली तिथून एक तिरकी रेघ खाली उतरत होती. ती मागे यायला हवी, जोडकाम मागे, पुढचं स्वच्छ. रेघ पलीकडे केली, पुढची बाजू आपल्याकडे, आणि डोळे बारीक करून टोपीखाली तो चेहरा आणला. लगेच आला. रुंद कपाळ, भुवईवरचा तीळ, हसताना एका बाजूला जरा जास्तच उचललं जाणारं तोंड, आणि या बाजूला तो कान. तिथे सेफ्टी पिन लावली. मग बारा खांब, पुढच्या ओळीत दहा, मग आठ – प्रत्येक ओळीला दोन्ही कडांनी एकेक कमी – आणि शेवटी सगळ्या टोपीला मुक्या खांबांची कड. हात चालत होता. मध्ये एकदा त्याच्या लक्षात आलं की आपण ओठांत काहीतरी पुटपुटतो आहोत. टाके मोजत असू असं वाटलं, पण ऐकलं तर तसं नव्हतं. चुकलो हो साहेब, असं चाललं होतं. त्या कानाला उद्देशून. सात आठवडे बहुतेक हेच चाललं असावं.

पावणेचारला बायकोने लोकरीचं टोक सुईने आत लपवून दिलं. ते बारीक काम त्याला जमत नव्हतं आणि तिने, तो मागायच्या आत, टोपी हातातून घेतली. परत देताना तिने ती क्षणभर स्वतःच्या डोक्यावर ठेवली, पट्टी गालावर लोंबकळत, आणि आरशात न बघता त्याच्याकडे बघून विचारलं, कशी दिसते? त्याला ती फार छान दिसली. तो म्हणाला, काढ, सैल होईल.

बेल वाजली तेव्हा टोपी उशीखाली होती आणि हात गुंड्याखाली.

ग्रंथपाल दारातच थांबले, बूट काढले, बायकोशी वाऱ्याबद्दल काहीतरी बोलले. मग मफलरचं एक टोक धरून, घाई न करता, एक वेढा… दुसरा वेढा… तो खुर्चीत पुढे सरकून बसला होता. मफलर सुटला.

केस वाढले होते. कॉलरवर आले होते, दोन्ही कानांवरून खाली उतरले होते, मागे दोन भोवरे दोन दिशांना शेंड्या उभारून बसले होते. कडा सगळ्या बोथट झालेल्या. सात आठवड्यांत कुणाची कात्री लागलेली नाही, कुणाचं मशीन नाही, कुणाचं काही नाही… त्याला एकदम इतकं बरं वाटलं, छातीत असं काही मोकळं झालं, की त्याची त्यालाच लाज वाटली. एक भला, टापटिपीचा माणूस झिपऱ्या वाढवून दारात उभा आहे, आणि याला आनंद.

या, बसा, तो म्हणाला. ते समोरच्या खुर्चीवर बसले, आणि तिथे सगळं बिनसलं.

कारण समोर बसलेला माणूस ग्रंथपाल होता आणि नव्हता. कपाळ तेच, तीळ तोच, पण तीळ भलत्याच भुवईवर. भांग उलट्या बाजूला. तोंड उचललं जात होतं ते दुसऱ्याच कोपऱ्यात, त्यामुळे सगळा चेहरा किंचित वाकडा, जरासा चलाख, एखाद्या धाकट्या भावासारखा, ज्याच्याबद्दल नुसतं ऐकलं होतं. त्याला काही केल्या बोलायला सुचेना. आणि मग ध्यानात आलं – तीस वर्षांत आपण या माणसाला समोरून पाहिलेलंच नाही. ते दुकानात यायचे तेव्हा तो झाडत असायचा. जायचे तेव्हा पुढचं गिऱ्हाईक बसलेलं असायचं. पाहिलं ते पाठमोरं नाहीतर आरशात. जे जे बोललो ते त्या काचेतल्या माणसाशी. हा मात्र… हा घरी चहाला आलेला पाहुणा आहे. ग्रंथपालही एकटक बघत होते. त्यांनाही बहुधा तसंच काहीतरी होत असावं, कारण त्यांनी प्रकृती कशी आहे असं विचारलं, त्याने बरी आहे म्हटलं, आणि मग दोघांनी आळीपाळीने खिडकीकडे पाहिलं. बायकोने चहा आणला. चहा चांगला झाला आहे असं ग्रंथपाल म्हणाले. हो, असं तो म्हणाला. बायको एकदा याच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघून आत निघून गेली.

शेवटी त्याने उशीखालून टोपी काढली. तोंडातल्या तोंडात म्हणाला, मी केली आहे… वारं लागतं ना… आणि उठून, समोर उभं राहून, स्वतःच त्यांच्या डोक्यावर चढवायला गेला. टोपी अर्ध्यावर अडली. माप हातातलं खरं, पण ते नुकतेच केस कापलेल्या डोक्याचं होतं. वाढलेल्या केसांचा हिशेब त्याने धरलाच नव्हता. दोन्ही हातांनी जरा दाबून खाली आणली. रेघ मागे, पुढचं स्वच्छ, पट्टी कानावर. बरोबर बसली. ग्रंथपाल मान न हलवता, खुर्चीत बसायचे तसेच ताठ बसले होते. मग अगदी हळू, वाचनालयातल्या आवाजात म्हणाले,

“कारागीर… तो हा नव्हे.”

“काय हा नव्हे?”

“कान.”

त्यांनी बोटाने दुसऱ्या बाजूचे केस मागे सारले. डावा कान. पाळीच्या वरच्या कडेला एक पांढुरकी रेघ, बोटाच्या पेराएवढीही नाही. तो बघत राहिला. मग त्याने पट्टीखालचा कान बघितला, तो साफ कोरा. पुन्हा हा. आरशात हा कान त्याच्या डाव्या हाताला दिसायचा. समोर बसलेल्या माणसाचा तो उजव्या हाताला येणार, हे त्याच्या डोक्यात एकदाही आलं नाही. हाताला माहीत होतं कदाचित – हात तर याच कानाशी होता – पण सात आठवड्यांत हाताला कुणी काही विचारलंच नव्हतं. आणि मी इतके दिवस, उठता-बसता, झोपेत, टाके घालता घालता ज्या कानाची माफी मागत होतो, त्या कानाला बिचाऱ्याला यातलं काहीच ठाऊक नाही.

त्याला हसू आलं की आणखी काही आलं, ते कळेना. ग्रंथपालांचे खांदे मात्र हलायला लागले. आवाज न करता हसायची त्यांची जन्माची सवय. म्हणाले, गोलच आहे ना ती? फिरवा की. त्याने म्हटलं, जोडकाम पुढे येईल, कपाळावर. येऊ दे म्हणाले.

फिरवायला तो त्यांच्या खुर्चीच्या मागे गेला. सवयीनेच गेला, कुणाच्या डोक्याला हात लावायचा तर मागे उभं राहायचं. टोपी उचलली तसे केस पुन्हा उभे राहिले, आणि ती परत घालायच्या आधी हात आपोआप केसांत गेला, भोवरे सापडले, सरळ आणि उलटा, करंगळीखाली तो उंचवटा… समोर आरसा नव्हता. समोर घरातली भिंत होती, तिच्यावर एक खुंटी, खुंटीवर बायकोची छत्री. कुणाला कुणाचा चेहरा दिसत नव्हता. मनगटाला टेकू नव्हता, लोकर ताणलेली नव्हती. हात त्यांच्या डोक्यावर सरळ सरळ थरथरत होता आणि ते त्यांना कळत असणार, केसाच्या मुळापर्यंत कळत असणार.

“मी तुमचा कान कापला,” तो म्हणाला.

ग्रंथपालांनी डाव्या कानाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, “हो. दुखलं. आठवडाभर त्या कुशीवर झोपता येत नव्हतं मला.”

दुखलं, असं पहिल्यांदाच कुणी म्हणालं. त्याचे डोळे भरून आले. सगळ्यांनी जे हलकं करून करून त्याच्या छातीवर ठेवलं होतं, ते या माणसाने पुरं वजन करून उचललं आणि बाजूला ठेवलं. हो, दुखलं. दुखणारच. कान कापल्यावर दुखतंच माणसाला. तो मागे उभा होता ते बरं झालं. पण त्याने नाकाने श्वास जोरात ओढला आणि तेही त्यांना ऐकू गेलंच असणार.

मग आला का नाहीत, असं त्याने विचारलं. ग्रंथपाल भिंतीकडे बघत म्हणाले, आलो असतो तर तुम्ही कात्री उचलली असती. तुमच्या हातात कात्री बघून मी नको कसं म्हणणार होतो? आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. दुसरीकडे का नाही गेलात? गेलो होतो की, म्हणाले, त्या कोपऱ्यावरच्या काचेपर्यंत. आत एकाने हातातलं मशीन सुरू करून पाहिलं, तसा मागे फिरलो. तुमच्या मुलीकडेही निघालो होतो एकदा. तिचा हात चांगला आहे, त्या दिवशीच बघितलं. पण मला पेच असा पडला, की तिच्याशी मी बोलू काय? तिला सांगायला माझ्याकडे काही नाही. तुम्हाला सांगायच्या गोष्टी मात्र सात आठवड्यांच्या साठल्या आहेत, आणि तुम्हाला हे माहीत आहे, कारागीर, मी घरी गेल्यावर कुणाला काही सांगत नाही…

त्याने टोपी फिरवून घातली. जोडकामाची रेघ त्यांच्या कपाळावर आली असणार. मागून दिसत नव्हती. पट्टी नीट त्या कानावर उतरली.

“शनिवारी मी जातो तिच्याकडे,” ग्रंथपाल म्हणाले. “ती कापू दे. तुम्ही मागच्या बाकावर बसा नुसते. याल?”

बाकावर. आपल्याच दुकानात, भिंतीशी, पाळीची वाट बघणाऱ्यांच्या रांगेत; हात मांडीवर ठेवून, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाने विचारायचं, काय, आता तुम्ही करत नाही का? आणि समोर आपल्या खुर्चीमागे आपली मुलगी, आणि त्या डोक्याला दुसऱ्याचा हात. तिला भोवऱ्यांमधलं जमेल का? सांगावं लागेल. का न सांगता गप्प बसावं लागेल? किल्ली दिल्यापासून तो दुकानाच्या रस्त्यानेही गेला नव्हता. दूध आणायला उलट्या बाजूने जायचा आणि बायको म्हणायची, बरा व्यायाम होतो. हो म्हणावंसं वाटत होतं. म्हणवत नव्हतं. हात अजून टोपीवर होता, आतल्या डोक्याची ऊब लोकरीतून वर येत होती.

“आधी समोर या बघू,” ग्रंथपाल म्हणाले. “भिंतीशी बोलल्यासारखं वाटतंय.”

तो फिरून समोर गेला आणि बसला. टोपीत ते जरा विचित्रच दिसत होते, कपाळावर ती तिरकी रेघ, एका गालावर पट्टी. ग्रंथपालांनीही त्याला नीट न्याहाळलं, बराच वेळ, आणि म्हणाले, तुमचं नाक दुसऱ्या बाजूला वाकडं आहे असं समजत होतो मी. आतून बायकोने आणखी चहा टाकते म्हणून ओरडून सांगितलं. मग ते पुढे झुकले आणि, बघा कारागीर, म्हणून पहिल्या आठवड्यापासून सुरू केलं.

शनिवारचं त्याने काहीच सांगितलं नाही, आणि त्यांनी पुन्हा विचारलं नाही. तो ऐकत होता. पण ऐकताना दर वेळेसारखं हं म्हणणं मागे राहून जात होतं, कारण डोळे त्या चेहऱ्यावर अडत होते – तिळाशी, भांगाशी, त्या दुसऱ्याच कोपऱ्यातून उचलल्या जाणाऱ्या तोंडाशी – आणि मन सारखं त्यांना उचलून जुन्या जागी ठेवायला बघत होतं. ते राहीनात. नव्या गिऱ्हाइकाला बसल्याबरोबर कात्री लावायची नसते. आधी नुसता कोरडा कंगवा फिरवायचा, केस आपणहून कुठे पडतात ते बघायचं, घाई करायची नाही, वेळ लागतो. तीस वर्षांची ओळख, आणि हा माणूस आज माझ्यापुढे पहिल्यांदा बसला आहे, एकदाही नजर न काढता माझ्याशी बोलतो आहे, आणि मला तो आवडतो आहे, फार आवडतो आहे… हं, मी म्हणालो, मग? आणि बघत राहिलो.